दुसरा मॉनिटर ग्राहकाकडे वळवा : सेवा केंद्रासाठी दोन स्क्रीनचा कम्प्युटर कसा निवडायचा?

आधार केंद्रात कधी गेला असाल तर एक गोष्ट नक्की पाहिली असेल. ऑपरेटरसमोर एक स्क्रीन असतो आणि दुसरा तुमच्याकडे तोंड करून ठेवलेला असतो. ऑपरेटर तुमचं नाव टाइप करतो आणि त्याच क्षणी ते तुम्हालाही दिसतं.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आधार नोंदणीच्या साहित्यात लॅपटॉप, बोटांचे ठसे घेणारं यंत्र, बुबुळांचा स्कॅनर आणि कॅमेऱ्यासोबत नागरिकासाठीचा हा वेगळा मॉनिटरही असतो. त्यामागचं कारण साधं आहे. ज्याची माहिती भरली जात आहे, त्याने ती सेव्ह होण्याआधी वाचली पाहिजे.

आता नांदेड जिल्ह्यातल्या कंधारसारख्या तालुक्याच्या गावाचा विचार करा. उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, पीक विमा, पीएम किसानची ई-केवायसी, शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा अशी सगळी कामं ऑनलाइन झाली आहेत. पेठवडज किंवा कुरुळ्याहून आलेला शेतकरी हा अर्ज स्वतः भरत नाही. तो केंद्रचालकाला कागद देतो, माहिती सांगतो आणि टेबलाच्या पलीकडे बसून राहतो. स्क्रीनवर काय टाइप होतंय, हे बऱ्याचदा त्याला दिसतच नाही.

हा दुसरा स्क्रीन लावायचा तर काय लागतं? नवा कम्प्युटर घ्यावा लागतो का? महागडं ग्राफिक्स कार्ड लागतं का? बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. पण काही गोष्टी आधी तपासल्या नाहीत तर पैसे वाया जातात आणि मॉनिटर कोपऱ्यात पडून राहतो.

एका अक्षराची चूक किती महागात पडते?

अर्जांमध्ये नाव अनेकदा आधी इंग्रजीत टाइप होतं आणि सॉफ्टवेअर त्याचं मराठी करतं. गोंधळ इथेच होतो. इंग्रजीतल्या 'डी-एच' या दोन अक्षरांवरून सॉफ्टवेअरला 'ध' हवा की 'ढ', हे कळत नाही. 'काळे' आणि 'काले' यांचं इंग्रजी स्पेलिंग एकच असतं. 'गाडे' आणि 'गडे' यांचंही तेच.

ही चूक तिथल्या तिथे दिसली तर पाच सेकंदांत सुटते. घरी गेल्यावर दिसली तर पुन्हा एक खेप आणि रोजगाराचा एक दिवस जातो. बँकेत किंवा कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी दिसली तर आधार, सातबारा आणि शाळेचा दाखला यांवरची नावं जुळत नाहीत म्हणून काम अडतं.

आधारमध्ये दुरुस्तीवरही मर्यादा आहेत. नेहमीच्या पद्धतीने नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यानंतर दुरुस्ती हवी असेल तर वेगळी आणि लांबलचक प्रक्रिया करावी लागते. म्हणून सबमिटचं बटण दाबण्याआधीचं एक मिनिट महत्त्वाचं असतं. दुसरा स्क्रीन त्या एका मिनिटासाठी असतो.

'डुप्लिकेट' आणि 'एक्स्टेंड' यात फरक काय?

कोणतीही वस्तू घेण्याआधी हा फरक समजून घ्यावा लागतो, कारण पुढची खरेदी यावरच ठरते.

विंडोज असलेल्या कम्प्युटरवर कीबोर्डवरची विंडोजची खूण असलेली की आणि 'पी' एकत्र दाबलं की चार पर्याय दिसतात. पहिल्यात फक्त मूळ स्क्रीन चालतो आणि चौथ्यात फक्त दुसरा. मधले दोन कामाचे आहेत.

'डुप्लिकेट'मध्ये दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र दिसतं. ऑपरेटर जे पाहतो, तेच ग्राहक पाहतो.

'एक्स्टेंड'मध्ये दोन्ही स्क्रीन मिळून एक मोठं टेबल तयार होतं. एका बाजूला अर्ज आणि दुसऱ्या बाजूला स्कॅन केलेला कागद ठेवता येतो. लग्नपत्रिका छापणारा डीटीपीवाला एका स्क्रीनवर व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर आणि दुसऱ्यावर पत्रिकेचं डिझाइन उघडतो, तो याच पद्धतीने.

सेवा केंद्रासाठी 'डुप्लिकेट' सोपं वाटतं, पण त्यात एक धोका आहे. ग्राहकाला सगळंच दिसतं. आधीच्या माणसाचा आधार क्रमांक, बँक खात्यातली शिल्लक, डेस्कटॉपवर पडलेले इतरांचे कागद, व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज, यांतलं काहीही त्याच्या नजरेस पडू शकतं. त्यामुळे कायम 'एक्स्टेंड' ठेवणं जास्त सुरक्षित. अर्ज भरून झाला की विंडोज की, शिफ्ट आणि बाणाची की एकत्र दाबायची. अर्जाची खिडकी सरकून ग्राहकाच्या स्क्रीनवर जाते. त्याने वाचलं की तीच की दाबून परत आणायची.

'डुप्लिकेट'मध्ये आणखी एक अडचण येते. दोन्ही मॉनिटरचं रिझोल्यूशन वेगळं असेल तर कम्प्युटर दोघांना जमेल असं एक रिझोल्यूशन निवडतो. मग त्यातल्या एका स्क्रीनवर अक्षरं पुसट किंवा ताणलेली दिसतात. 'एक्स्टेंड'मध्ये प्रत्येक स्क्रीन आपापल्या रिझोल्यूशनवर चालतो.

आधी कम्प्युटरच्या मागे पाहा

दुकानात जाण्याआधी सीपीयूचा डबा फिरवून मागची बाजू नीट पाहा. मॉनिटरची वायर लावण्याच्या जागा, म्हणजे पोर्ट, किती आहेत आणि कोणते, यावर सगळं अवलंबून आहे. साधारण चार प्रकार दिसतात.

व्हीजीए : १५ छिद्रांचा, बहुधा निळा, बाजूला दोन स्क्रू असलेला पोर्ट. १९८७ सालापासून तो चालत आला आहे. तो ॲनालॉग आहे, म्हणजे वायर लांब किंवा हलकी असेल तर अक्षरांच्या कडा पुसट होतात.

डीव्हीआय : बहुधा पांढरा आणि रुंद, मधल्या काळातल्या कम्प्युटरवर दिसणारा. नव्या मॉनिटरवर आता क्वचितच असतो.

एचडीएमआय : टीव्हीला असतो तोच चपटा पोर्ट. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून जातात. आज मॉनिटर घेताना हा पोर्ट असलाच पाहिजे.

डिस्प्लेपोर्ट : एचडीएमआयसारखाच दिसतो, पण एकच कोपरा कापलेला असतो. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघून 'रिफर्बिश्ड' म्हणून विकल्या जाणाऱ्या डेस्कटॉपवर तो हमखास सापडतो.

यांपैकी दोन पोर्ट, समजा एक व्हीजीए आणि एक एचडीएमआय, थेट मदरबोर्डवर असतील तर बहुतेक काम झालं. एका पोर्टला एक मॉनिटर, दुसऱ्याला दुसरा. दोन्ही मॉनिटर एकाच कंपनीचे किंवा एकाच आकाराचे असायची गरज नाही.

पोर्ट आणि मॉनिटर जुळत नसतील तर कन्व्हर्टर लागतो. त्यात दिशा महत्त्वाची आहे. 'एचडीएमआय टू व्हीजीए' कन्व्हर्टर कम्प्युटरच्या एचडीएमआयमधून जुन्या व्हीजीए मॉनिटरकडे जातो. उलट बाजूने तो चालत नाही. कम्प्युटरला फक्त व्हीजीए आणि मॉनिटरला फक्त एचडीएमआय असेल तर वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय केबलचंही असंच. कम्प्युटरकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय, याच दिशेने ती सहसा चालते.

स्प्लिटर घेऊन काम भागतं का?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. एका पोर्टचे दोन करणारा स्प्लिटर स्वस्त मिळतो. पण स्प्लिटर फक्त एकाच चित्राच्या दोन प्रती काढतो. त्यावर 'डुप्लिकेट' चालेल, 'एक्स्टेंड' कधीच चालणार नाही. कम्प्युटरला तिथे दोन मॉनिटर आहेत हे कळतच नाही.

दुकानदाराला 'दोन मॉनिटर लावायचे आहेत' एवढंच सांगितलं तर तो स्प्लिटर हातात ठेवू शकतो. म्हणून 'दोन स्क्रीनवर दोन वेगळी चित्रं हवी आहेत' असं स्पष्ट सांगा.

ग्राफिक्स कार्ड लागतंच का?

फॉर्म भरणं, पीडीएफ पाहणं, टायपिंग आणि प्रिंट काढणं यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. बहुतेक प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्सची सोय असते. इंटेलच्या तिसऱ्या पिढीपासून, म्हणजे २०१२पासून, ही आतली सोय एकाच वेळी तीन स्क्रीन चालवू शकते. अडचण बहुधा प्रोसेसरच्या ताकदीची नसते, मागे पुरेसे पोर्ट नसण्याची असते.

इथे दोन अपवाद लक्षात ठेवा.

पहिला, प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असणं. उदाहरणार्थ, आय३-१२१००मध्ये आतलं ग्राफिक्स आहे, पण आय३-१२१००एफमध्ये नाही. 'एफ' प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, मात्र कार्ड लावल्याशिवाय एकही मॉनिटर चालत नाही. एएमडीच्या रायझेन ५००० मालिकेपर्यंतच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये नियम उलटा आहे. तिथे नावात 'जी' असेल तरच आतलं ग्राफिक्स मिळतं.

दुसरा, फक्त व्हीजीए पोर्ट असलेले जुने असेंबल केलेले कम्प्युटर. त्यांच्यासाठी जीटी ७१०सारखं साधं कार्ड पुरतं. त्यावर सहसा व्हीजीए, डीव्हीआय आणि एचडीएमआय असे तिन्ही पोर्ट असतात. ते जेमतेम १९ वॅट वीज घेतं, त्यामुळे वेगळी पॉवर वायर किंवा मोठा पॉवर सप्लाय लागत नाही. डबा बारीक असेल तर 'लो प्रोफाइल' पट्टी असलेलं कार्ड मागा, नाहीतर ते आत बसणार नाही.

कार्ड लावल्यावर दोन्ही मॉनिटर कार्डालाच जोडा. अनेक कम्प्युटरमध्ये कार्ड बसवताच मदरबोर्डवरचे पोर्ट आपोआप बंद होतात. 'एक मॉनिटर चालतो, दुसऱ्यावर नो सिग्नल येतं' या तक्रारीमागे अनेकदा एवढंच कारण असतं.

डबा उघडायचा नसेल तर यूएसबीमधून एचडीएमआय काढणारा कन्व्हर्टरही मिळतो. त्याला ड्रायव्हर टाकावा लागतो आणि प्रोसेसरवर थोडा भार पडतो. फॉर्म वाचून दाखवण्यापुरता तो पुरतो, व्हिडिओसाठी तितका चांगला नाही.

लॅपटॉप असेल तर?

मग दोनपैकी एक स्क्रीन तुमच्याकडे आधीच आहे. लॅपटॉपच्या एचडीएमआयला बाहेरचा मॉनिटर जोडला की दोन स्क्रीन झाले.

लॅपटॉपला एचडीएमआय नसून फक्त यूएसबी-सी असेल तर सावध राहा. दिसायला पोर्ट सारखाच असला तरी प्रत्येक यूएसबी-सीमधून चित्र बाहेर पडत नाही. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात. मॉडेलच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' लिहिलंय का, ते पाहून मगच कन्व्हर्टर घ्या.

मॉनिटर कोणता घ्यावा?

ग्राहकासाठीच्या स्क्रीनची गरज गेम खेळणाऱ्याच्या स्क्रीनपेक्षा वेगळी असते. इथे १४४ हर्ट्झचा वेग किंवा वक्र स्क्रीन काही कामाचा नाही. तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट पॅनल. स्वस्त टीएन पॅनलवर बाजूने किंवा उभं राहून पाहिलं तर रंग उलटे आणि अक्षरं फिकट दिसतात. सेवा केंद्रात ग्राहक क्वचितच बरोबर समोर असतो. तो उभा असतो, सोबत मुलगा किंवा सून असते. म्हणून आयपीएस पॅनल घ्या. त्यावर बाजूनेही स्वच्छ वाचता येतं.

दुसरी गोष्ट रिझोल्यूशन. २२ ते २४ इंचाला १९२० बाय १०८०, म्हणजे फुल एचडी, पुरेसं आहे. फोर-के मॉनिटरवर याच्या बरोबर चौपट ठिपके असतात. एचडीएमआय १.४ असलेल्या जुन्या कम्प्युटरवर फोर-के सेकंदाला ३० चित्रांच्याच वेगाने चालतं आणि माऊस अडखळल्यासारखा वाटतो. फॉर्म भरण्यासाठी हा खर्च करण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट मागची चार छिद्रं. १०० मिलिमीटर किंवा ७५ मिलिमीटर अंतरावरच्या या छिद्रांना वेसा माउंट म्हणतात. ती असतील तर मॉनिटर भिंतीला किंवा टेबलाला लावलेल्या हातावर बसवून ग्राहकाकडे फिरवता येतो. टेबलावरची जागाही वाचते.

आयपीएस पॅनलचा २२ इंची नवा मॉनिटर साधारण सहा ते दहा हजार रुपयांच्या घरात मिळतो. पण जुना चौकोनी १७ इंची मॉनिटर पडून असेल तर आधी तोच लावून पाहा. नाव, जन्मतारीख आणि गट नंबर वाचायला तो पुरतो. ग्राहकाला चष्मा नसेल तर ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकची खूण दाबून अक्षरं मोठी करता येतात.

मॉनिटरसोबत येणारी वायर अनेकदा दीड मीटरची असते. टेबलाच्या पलीकडे न्यायची तर ती अपुरी पडते. ३ मीटरची एचडीएमआय केबल वेगळी घ्या आणि ती पायात येणार नाही अशी टेबलाखालून बांधा.

लाइट गेली तर?

२२ ते २४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० ते २५ वॅट घेतो. साधा डेस्कटॉप फॉर्म भरताना ६० ते १०० वॅटच्या आसपास चालतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत भार पेलतो. म्हणजे दुसऱ्या मॉनिटरने यूपीएस ओव्हरलोड होत नाही.

पण बॅटरी टिकण्याचा वेळ कमी होतो. अशा यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. भार वाढला की ती त्या प्रमाणापेक्षाही लवकर उतरते. जुनी बॅटरी आधीच पाच मिनिटं टिकत असेल तर दुसरा मॉनिटर लावण्याआधी ती बदला. अर्ज अर्धवट असताना कम्प्युटर बंद पडणं ही दुसरा स्क्रीन नसण्यापेक्षा मोठी अडचण आहे. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीच लावू नका. तो गरम होताना एकदम जास्त वीज ओढतो.

मॉनिटरची वायर लावताना किंवा काढताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा. अर्थिंग नीट नसलेल्या इमारतीत चालू वायर जोडल्याने पोर्ट जळू शकतो.

पैसे आधी कशावर खर्च करावेत?

कम्प्युटर आधीच रडतखडत चालत असेल तर मॉनिटरच्या आधी एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाका. दुसऱ्या स्क्रीनला स्वतःला फार रॅम लागत नाही. पण दोन स्क्रीन आले की उघड्या खिडक्याही वाढतात, आणि त्यांना रॅम लागते.

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवरच चालतं. म्हणून फार जुन्या डब्यात महाग कार्ड घालण्यापेक्षा तो पैसा पुढच्या कम्प्युटरसाठी राखणं बरं. मॉनिटरचं तसं नाही. एचडीएमआय असलेला चांगला मॉनिटर कम्प्युटर बदलला तरी कामाला येतो.

सेकंडहँड मॉनिटर घेताना तो अर्धा तास चालू ठेवून पाहा. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा स्क्रीन लावला की मेलेले ठिपके, रेषा आणि कडेचे डाग दिसतात. नव्या मॉनिटरच्या मागे बीआयएसची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. पक्क्या बिलावर मॉनिटरचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तोच लागतो.

नांदेडला निघण्याआधी

कंधारहून नांदेड साधारण ५० किलोमीटर आहे. एका चुकीच्या कन्व्हर्टरसाठी पुन्हा जायचं म्हणजे दुकान दिवसभर बंद. म्हणून निघण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढा. एक सीपीयूच्या मागच्या पोर्टचा, एक आत्ताच्या मॉनिटरच्या मागच्या पोर्टचा, एक विंडोजच्या 'अबाउट' पानाचा, ज्यावर प्रोसेसरचं नाव आणि रॅम दिसते, आणि एक यूपीएसच्या लेबलचा. हे फोटो दुकानदाराला आधीच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि विचारा, 'यावर एक्स्टेंड चालेल का?'

आणि ग्राहक म्हणून केंद्रात गेलात आणि तिथे दुसरा स्क्रीन नसेल, तर सबमिट करण्याआधी केंद्रचालकाला एवढं जरूर म्हणा, 'दादा, एकदा स्क्रीन इकडे फिरवा, नाव वाचून घेतो.'